हेराल्डचा क्लच : ब्रेक ऑइल नेमकं कुठून जातंय?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. गाडी स्टँडर्ड हेराल्ड, १९६६ ची, दोन दारी, ९४८ सीसी. बाबांनी घेतली तेव्हापासून ती रत्नागिरीतच आहे. मूळ ट्रायम्फची, डिझाइन मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरचं, पण आमची मद्रासला बांधलेली, आणि तिच्यावर घरातल्या सगळ्यांचा जीव आहे.

प्रॉब्लेम असा की क्लचच्या डबीतलं ब्रेक ऑइल कमी होतंय (हिचा क्लच तारेवर नाही, ब्रेकसारखा ऑइलच्या दाबावर चालतो). आधी वाटलं झाकण नीट बसत नसेल, पण आता भरून ठेवलं की काही दिवसांत पातळी खाली जाते आणि गाडीखाली गिअरबॉक्सच्या पुढच्या भागात ओला डाग दिसतो. रिव्हर्स टाकताना दात घासतात, पहिला पण कुरकुरतो. दोनदा-तीनदा पेडल मारलं की बरा पडतो. जवळच्या एका गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला गिअरबॉक्सचं ऑइल गळतंय, सील गेलं, गिअरबॉक्स खाली घेऊ. मला ते पटत नाहीये कारण मग क्लचची डबी का रिकामी होते? पाऊस तोंडावर आलाय, गाडी शेडमध्ये लावायच्या आधी हे सोडवायचं आहे. कुठून सुरुवात करू?

स्पॅनर_बारातेरा

गिअरबॉक्सला अजिबात हात लावू देऊ नका. आधी गळतंय ते काय आहे ते ठरवा, ते फुकटात कळतं. गाडीखाली रात्रभर स्वच्छ पांढरा पुठ्ठा ठेवा, पुठ्ठ्यावर गाडीच्या चार चाकांची खूण करा म्हणजे थेंब नेमका कुठल्या भागाखाली पडला ते सकाळी कळेल. मग त्या ओल्या जागचं थोडं बोटावर घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि बोटांत दाट लागतं. इंजिन ऑइल काळपट असतं. ब्रेक ऑइल पातळ, चिकट-गुळगुळीत, आणि खरी परीक्षा म्हणजे वाटीभर पाण्यात थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल वर तवंग धरून तरंगतं. बोट नंतर साबणाने धुवा, डोळ्याला लावू नका.

आणि एक, थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही हे डोक्यात ठेवा. ऑइल पाइपवरून, चॅसिसवरून सरकत सरकत जाऊन जी सगळ्यात खालची जागा असेल तिथून टपकतं.

गजालवाडी

मालवणातसून लिवतंय. त्येल खयसून येता ता बगल्याशिवाय गिअरबॉक्साक हात लावू नकात. आमच्या काकांकडे हेराल्ड होती, तेंचा पण असाच झाल्लां, गिअरबॉक्स उतरवलो नि गळती होती तशीच रवली. पुढचं सगळ्यांना समजेल असं लिहितो. हेराल्डमध्ये गिअरबॉक्सवरचं कव्हर केबिनच्या आतून निघतं. मूळचं असेल तर जाड पुठ्ठ्याचं असतं, त्याचे स्क्रू काढा, कार्पेट बाजूला करा, की सगळं समोर दिसतं. खाली सरपटत जाऊन टॉर्च मारण्यापेक्षा वरून बघणं खूप सोपं. पुठ्ठा दमट होऊन मऊ पडलेला असेल तर हळू काढा, फाटला तर नवा मिळणं कठीण, कोणीतरी फायबरचं बनवून घ्यावं लागतं.

खाडीकाठ

पुठ्ठा ठेवला होता. थेंब बेलहाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लचवरच्या खोक्याच्या उजव्या अंगाला. पाण्यात टाकला तर सरळ मिसळून गेला, तवंग नाही. म्हणजे ब्रेक ऑइलच. गॅरेजवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला दोन्ही असेल. आता कव्हर काढायला घेतो. त्याआधी कुठे कुठे बघू ते सांगा म्हणजे एकाच वेळी सगळं बघून होईल.

उद्यमनगरी

कोल्हापुरात लेथचं काम करतो, जुन्या इंग्लिश गाड्यांचे सिलेंडर बरेच येतात माझ्याकडे, त्यातले निम्म्याहून जास्त तुमच्या कोकणातून. वरून खाली या.

वरचा सिलेंडर, म्हणजे मास्टर, ड्रायव्हरच्या बाजूला बंपरापासून लांब, फायरवॉलवर बसलेला असतो, ब्रेकचा पण त्याच्या शेजारीच. त्याचं मागचं रबर गेलं की ऑइल पुशरॉडवरून पेडलच्या दांड्यावर उतरतं. पायाजवळचं कार्पेट उचला, पेडलच्या वरच्या टोकाला बोट फिरवा. ओलं किंवा चिकट लागलं तर मास्टर गेला. सिलेंडरच्या खालच्या बाजूचा पेंट फुगलाय का ते पण बघा, ब्रेक ऑइल पेंट खातं, फुगलेला पेंट म्हणजे तिथे कधीतरी ऑइल आलं होतं, आता येतंय की नाही ते वेगळं.

मग पाइप. सगळा पाइप बोटाने चाचपत जा, जिथे क्लिपने चॅसिसला धरलाय तिथे क्लिप सोडून खालचं बघा. खाऱ्या हवेत लोखंडी पाइप बाहेरून चांगला दिसतो आणि क्लिपखाली कुजलेला असतो. दोन्ही टोकांचे नट. रबरी होज असेल तर तो वाकवून बघा, भेगा दिसतात. तांब्याच्या वायसर असतील तर त्या एकदा वापरल्या की परत वापरायच्या नाहीत.

शेवटी खालचा सिलेंडर, स्लेव्ह. बेलहाउसिंगवर. त्याच्या तोंडावर रबरी टोपी असते, ती पुशरॉडच्या बाजूने हलकेच उचला. आतून ऑइल पडलं तर आतला कप, म्हणजे पिस्टनवरचं रबर, गेला. टोपी नुसती दमट असेल तर एवढं घाबरू नका, पण थेंब पडला म्हणजे संपलं. एअरच्या निपलवरची, म्हणजे ऑइलमधली अडकलेली हवा सोडायच्या निपलवरची, रबरी टोपी काढून निपलचं तोंड पण बघा, तिथून पण झिरपतं आणि लोक स्लेव्हवर संशय घेत बसतात.

खाडीकाठ

कव्हर निघालं. मास्टरच्या मागे पेडल कोरडं, कार्पेट कोरडं. मास्टरखाली पेंट फुगलेला आहे पण तिथे कागद दाबला तर कोरडाच राहिला. पाइप बरा वाटतोय, क्लिपखाली पण. स्लेव्हची टोपी उचलली आणि चमचाभर काळं ऑइल बाहेर आलं. त्यात लाल-तपकिरी गाळ होता. सापडलं म्हणायचं का? किट आणून रबर बदलू का?

स्पॅनर_बारातेरा

थांबा. एक प्रश्न. क्लच प्लेट कधी बदलली होती?

खाडीकाठ

दिवाळीनंतर. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं. गळती त्यानंतर काही महिन्यांनी सुरू झाली. त्याचा काय संबंध? क्लचवाल्याने सिलेंडरला हात पण लावला नव्हता.

स्पॅनर_बारातेरा

हात लावला नाही म्हणूनच. हे नीट समजून घ्या कारण असल्या क्लचच्या गळतीत हे कारण फार वेळा निघतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

या गाडीत क्लचला अ‍ॅडजस्टमेंट नाही. स्लेव्हमधली हलकी स्प्रिंग पिस्टनला कायम पुढे धरून ठेवते आणि पिस्टन जिथे थांबायचा तिथे आपोआप थांबतो. प्लेट जशी झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटं मागे, गिअरबॉक्सकडे सरकतात, ती बेअरिंगला ढकलतात, बेअरिंग फोर्कला, आणि फोर्क पुशरॉडला, म्हणजे झिजत चाललेल्या क्लचबरोबर पिस्टन हळूहळू सिलेंडरच्या आत आत जात राहतो. वर्षानुवर्षं तो आतल्याच भागात काम करतो. बाहेरच्या तोंडाकडचा बोअर, म्हणजे पिस्टन जिथे सरकतो ती आतली पोकळी, मोकळा, रबरी टोपीखाली, आणि टोपीतून आपली दमट खारी हवा शिरते. तिथे गंज धरतो. कोणाला त्रास होत नाही कारण रबर तिथे जातच नाही.

मग एक दिवस नवी प्लेट बसते. बोटं पुन्हा पुढे, पिस्टन पुन्हा बाहेरच्या भागात येऊन उभा राहतो, नेमका त्या गंजलेल्या पट्ट्यावर. रबराची कड त्या खड्ड्यांवरून रोज घासते आणि काही महिन्यांत कापली जाते. तुमची तारीख बरोबर तिथे बसते. म्हणून नुसतं रबर बदललंत तर नवं रबर त्याच खड्ड्यांवर चालेल आणि परत जाईल. आधी बोअर बघा. रबर नंतर.

खाडीकाठ

हे कोणीच सांगितलं नव्हतं. क्लचचं काम चांगलं झालं होतं, त्यामुळे मी तिकडे बघतच नव्हतो. स्लेव्ह बाहेर काढतो.

आजोबांची_लँडरोव्हर

एक टेस्ट मध्ये घुसवतो कारण मास्टरला अजून क्लीन चिट देऊ नका. बाहेर गळत नाही म्हणजे मास्टर चांगला असं नाही. आतल्या आत रबरावरून ऑइल मागे जातं, डबीची पातळी तेवढीच राहते आणि पेडल मात्र हळूहळू खाली बसत जातं. तुमच्याकडे पातळी पण कमी होतेय म्हणजे बाहेरची गळती आहेच, पण दोन्ही एकदम असू शकतं.

स्लेव्ह काढाल तेव्हा पाइप मास्टरला जिथे लागतो तिथून सोडा आणि त्याच चुडीचा बंद नट, आपले लोक डमी म्हणतात, तो लावून मास्टरचं तोंड बंद करा. मग पेडल दाबा. थोडंसं दाबल्यावर एकदम घट्ट लागलं पाहिजे आणि अर्धा मिनिट दाबून धरलं तरी हललं नाही पाहिजे. खाली बसत गेलं तर मास्टर पण गेलाय. रबरी होजला चिमटा लावून पण हीच टेस्ट करतात पण वाइसग्रिप थेट लावू नका, आतला पदर तुटतो आणि मग नवीच भानगड. जुना होज असेल तर मी चिमटा लावायला पण सांगणार नाही.

खाडीकाठ

डमीची टेस्ट केली. पेडल घट्ट, हललं नाही. म्हणजे मास्टर सध्या तरी चांगला.

स्लेव्ह काढला, पिस्टन हवेच्या पंपाने बाहेर काढला, हळू हळू, कपडा धरून. बोअर बघून वाईट वाटलं. आतला अर्धा चकचकीत आणि तोंडाकडे एक पट्टा, तांदळाला कीड लागल्यावर दिसतात तसे बारीक बारीक खड्डे, लाल-काळे. नख फिरवलं तर अडकतं. रबराच्या कडेला बरोबर एका बाजूने काप गेलाय. स्पॅनरदादा, तुम्ही जसं लिहिलंत अगदी तसंच.

उद्यमनगरी

नख अडकलं म्हणजे होनिंगने, म्हणजे बोअर आतून दगडाने घासून, भागणार नाही. होनिंग फक्त डाग असेल तर, एकदम हलकं, बारीक दगडाने. खड्डा जाईपर्यंत घासत राहिलात तर बोअर मोठा होईल आणि कप सैल पडेल, मग तो गळणारच. लोक एमरी पेपर बोटाला गुंडाळून घासतात ते तर करूच नका, बोअर अंडाकृती होतो.

दोन रस्ते आहेत. नवा सिलेंडर, किंवा जुन्यालाच स्लीव्ह. स्लीव्ह म्हणजे बोअर मोठा करून त्यात स्टेनलेस किंवा पितळेची नळी घट्ट बसवायची आणि ती मूळ मापाला होन करायची. एकदा स्टेनलेसची बसली की खारी हवा तिचं फारसं काही बिघडवत नाही, म्हणून कोकणातल्या गाडीला मी तेच सांगतो. स्लेव्हला सोपं आहे, ऑइल यायचं एक भोक आणि निपलचं एक, तेवढीच दोन स्लीव्हमध्ये परत पाडायची आणि आतून कड गुळगुळीत करायची, नाहीतर रबर त्या कडेवर कापलं जातं. मास्टरला मात्र जपून. काही मास्टरमध्ये डबीकडे जाणारं अगदी बारीक भोक असतं, काहींमध्ये आतच व्हॉल्व्ह असतो. काम करणाऱ्याने आधी बनावट बघूनच हात घालावा.

माप सांगतो ते ध्यानात ठेवा. जुन्या इंग्लिश सिलेंडरचे बोअर सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असतात, पाच सूत, सहा सूत, सात सूत असे. व्हर्नियरने मोजा. पाच सुताच्या सिलेंडरला अंदाजाने सोळा एमएमचा कप घातला की बसतो पण नीट चालत नाही.

आजोबांची_लँडरोव्हर

मी नव्या सिलेंडरच्या बाजूचा आहे. स्लीव्ह चांगली झाली तर उत्तम, पण किती जणांकडे चांगली होते? माझ्या सीरीज टू ला स्लीव्ह केलेला सिलेंडर एका ठिकाणाहून आणला होता तो भोकाच्या कडेमुळेच गेला. इंग्लंडात ट्रायम्फचे हेराल्ड आणि स्पिटफायर अजून पुष्कळ चालतात, त्यामुळे सिलेंडर नवा बनतो, मागवता येतो.

उद्यमनगरी

येतो, पण दोन गोष्टी. एक तर नवे बनतात त्यांची क्वालिटी सारखी नाही, मी बॉक्समधून काढलेल्या नव्या सिलेंडरमध्ये रबर कोरडं आणि बोअरमध्ये रेघा बघितल्यात. आणि दुसरं, नवा लोखंडी सिलेंडर दापोली-गुहागरला लावलात की चार पावसाळ्यांत तिथेच येऊन पोचणार जिथे हा आलाय. मला धंदा मिळावा म्हणून बोलत नाही, खाडीकाठ तुम्ही तुमच्या जवळच्या कुठल्याही चांगल्या लेथवाल्याकडे करा, पण स्टेनलेसच करा.

खाडीकाठ

स्लीव्हच करतोय. मूळ बॉडी राहिली तर मला बरं वाटेल, ती गाडीबरोबर मद्रासहून आलीय.

आता प्रश्न ऑइलचा. एका मित्राने सांगितलं की डॉट फाइव्ह सिलिकॉन टाक, ते पाणी पीत नाही, पेंट खात नाही, आणि कोकणासाठी तेच बरोबर. बाकीचे म्हणतात डॉट फोर. काय करू?

लोटे_रसायन

इथे मी थोडं लांब लिहितो, लोट्याच्या एमआयडीसीत रसायनांचंच काम करतो म्हणून.

डॉट थ्री, डॉट फोर आणि डॉट फाइव्ह पॉइंट वन, ही तिन्ही ग्लायकॉल इथर कुळातली. डॉट फाइव्ह एकटं सिलिकॉन. नावात फाइव्ह आहे म्हणून फाइव्ह आणि फाइव्ह पॉइंट वन एकच समजू नका, आणि सिलिकॉन ग्लायकॉलमध्ये कधीच मिसळू नका.

ग्लायकॉल हवेतली वाफ ओढून घेतं. होज, रबर, डबीच्या झाकणाचं भोक, सगळीकडून थोडी थोडी. म्हणून डॉट फोरचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश आणि ओला, म्हणजे पाणी मुरल्यावरचा, किमान १५५ अंश असा वेगवेगळा मोजतात. डॉट थ्रीला तेच २०५ आणि १४०. ब्रेकला हे आकडे महत्त्वाचे कारण ब्रेक तापतात. क्लच तेवढा तापत नाही, तिथे भानगड उकळण्याची नाही, गंजाची आहे. ऑइलमध्ये गंज थांबवणारी द्रव्यं असतात ती काळाने संपत जातात, आणि पाणी वाढत जातं. दोन्ही एकत्र झालं की बोअरला खड्डे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जेवढी वाफ असते तेवढी देशावर नसते, त्यामुळे पुस्तकात दोन वर्षांनी बदला लिहिलं असेल तर मी दरवर्षी बदला म्हणतो. पाव लिटरपेक्षा कमी लागतं क्लचला, त्यात कंजुषी कसली.

आता सिलिकॉन. पाणी पीत नाही हे खरं. पण आत शिरलेलं पाणी त्यात विरघळत पण नाही, मग ते कुठे जातं? थेंब होऊन सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे स्लेव्हमध्येच बसतं, तसंच्या तसं. ग्लायकॉलमध्ये ते निदान पसरून राहतं आणि बदलताना निघून जातं. सिलिकॉन टाकायचं तर सगळी रबरं नवी, सगळा पाइप धुतलेला, सगळं कोरडं, तरच टाका. जुन्या सिस्टिममध्ये वरून ओतायचा प्रकार अजिबात नको. मी तुमच्या जागी असतो तर डॉट फोर आणि दरवर्षी बदली.

गजालवाडी

आणि सिलेंडर धुवायला पेट्रोल, डिझेल, रॉकेल काय पण वापरू नकात! रबर फुगून दुप्पट होतं. ब्रेक ऑइलनेच किंवा स्पिरिटने धुवा. आणि जोडताना साधं ग्रीस पण नको, लाल रबर ग्रीस मिळतं ते, किंवा नुसतं ब्रेक ऑइल लावा. आमच्याकडे एकाने ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल टाकलं होतं, सगळी रबरं गेली, होजसकट.

लोटे_रसायन

बरोबर. आणि रबराबद्दल अजून एक, फार जुनं किट कोणाकडे पडून असेल, गिरलिंग या इंग्लिश ब्रेक कंपनीच्या जुन्या काळचं, तर त्यातलं रबर नैसर्गिक असायची शक्यता असते आणि त्यासाठी तेव्हा वेगळं क्रिमसन नावाचं ऑइल यायचं. आताचं ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर डॉट फोरला चालतं. जुनं किट जपून ठेवायचं तर ठेवा पण गाडीत लावू नका, तसंही इतक्या वर्षांत ते कडक झालेलं असणार. आणि काढलेलं ऑइल बाटलीत भरून गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलबरोबर द्या, अंगणात किंवा पऱ्ह्यात (ओढ्यात) ओतू नका, ते पाण्यात मिसळतं म्हणजे विहिरीत जातं.

खाडीकाठ

स्लीव्ह होऊन आली. काम सुंदर झालंय, भोकांच्या कडा आतून मऊ केल्यात, नवा कप ब्रेक ऑइल लावून सरळ आत गेला. होज पण नवा टाकला, लँडरोव्हरवाल्यांचं ऐकून.

जोडलं, डॉट फोर भरलं, एअर काढायला बसलो. बायको पेडल मारतेय, मी खाली. बाटलीत बुडबुडे येणं थांबलं तरी पेडल स्पंजीच. डबी कधी रिकामी होऊ दिली नाही. गळती मात्र बंद आहे.

स्पॅनर_बारातेरा

दोन गोष्टी बघा. स्लेव्ह बसवताना निपल वर आहे का पाइप वर आहे? दोन्ही भोकं शेजारी शेजारी असतात आणि सिलेंडर फिरवून बसवता येतो, त्यामुळे हे सहज उलटं होतं. निपल खाली राहिला तर हवा वरच्या बाजूला अडकून राहते आणि कितीही पंप केलंत तरी बाहेर येत नाही.

दुसरं, आणि हे बायकोला आत्ताच्या आत्ता सांगा, पेडल पार तळाला दाबू नका. रोजच्या चालवण्यात मास्टरचं रबर ठराविक भागातच फिरतं. एअर काढताना पेडल पार खाली गेलं की रबर पुढच्या, कधी न वापरलेल्या भागात जातं, तिथे गाळ आणि गंज साचलेला असतो, आणि चांगला मास्टर त्या एका दिवसात खराब होतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे तेवढंच जाईल. अनेक लोक लिहितात ना, स्लेव्ह बदलला आणि लगेच मास्टर गेला, तो असा जातो.

खाडीकाठ

निपल खालीच होता. सिलेंडर फिरवून निपल वर घेतला, ठोकळा ठेवला, बाटलीत भसकन हवा आली आणि पेडल एकदम बदललं. रिव्हर्सची परीक्षा घेतली : इंजिन चालू, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबून रिव्हर्स. आता खरखर नाही. पण पेडल सुरुवातीला थोडं मोकळं जातंय, आधीपासूनच जात होतं, आम्हाला सवय झाली होती.

उद्यमनगरी

मोकळं म्हणजे पिना. पेडलच्या वरच्या टोकाला पुशरॉड ज्या पिनेने जोडलाय ती काढून बघा, तिच्यावर खाच पडलेली असणार आणि पेडलमधलं भोक लांबट झालेलं असणार. ट्रायम्फमध्ये हे नेहमीचं आहे. तिथे जेवढं झिजलंय त्याच्या कितीतरी पट पायाखाली जाणवतं, कारण पेडलचा दांडा लांब. भोकाला बुश मारा आणि नवी पिन घ्या, किंवा भोक भरून परत पाडा. पिन चांगल्या स्टीलची घ्या, बाजारातली मऊ पिन लगेच झिजते.

घाटउतार

सगळं वाचलं, फार उपयोगाचा धागा. पण एक गोष्ट कोणी बोललं नाही आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. क्लचचा स्लेव्ह जर आतून इतका गेला होता तर ब्रेकचे व्हील सिलेंडर त्याच वयाचे, त्याच हवेतले, त्याच ऑइलवरचे आहेत. क्लच गेला तर गाडी थांबते. हेराल्डचे ब्रेक सिंगल सर्किट आहेत, एका चाकाचा सिलेंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक जातात. मी ही गाडी कुंभार्लीतून आणि आंबा घाटातून उतरवलीय म्हणून सांगतो, चारही ड्रम उघडा, प्रत्येक सिलेंडरची टोपी उचला, मागच्या चाकांच्या तर नक्की. ब्रेकचा मास्टर पण. हे केल्याशिवाय घाटात जाऊ नका. हँडब्रेक पण नीट धरतोय का ते बघून ठेवा, तेवढाच एक वेगळा आहे, तारेवरचा.

आजोबांची_लँडरोव्हर

शंभर टक्के. क्लचबद्दल आपण इतकं बोललो आणि ब्रेकचं राहिलं होतं.

खाडीकाठ

पेडलची पिन खरंच अर्धी झिजली होती, बुश मारून नवी टाकली, मोकळेपणा गेला.

घाटउतार, तुमचं वाचून ड्रम उघडले. पुढचे बरे. मागच्या डाव्या सिलेंडरच्या टोपीखाली ओलं होतं आणि लायनिंगच्या कडेला ऑइल लागलेलं. ब्रेक दाबताना काहीच कळत नव्हतं. मागचे दोन्ही सिलेंडर आता स्लीव्हला पाठवलेत, लायनिंग नवीन. ते होईपर्यंत गाडी अंगणाबाहेर जाणार नाही. मनापासून आभार.

आता पावसाळ्यात काय करू? चार महिने शेडमध्ये उभीच असते.

स्पॅनर_बारातेरा

उभी राहिली की पिस्टन एकाच जागी राहतो आणि रबराच्या कडेपाशीच गंज सुरू होतो. म्हणून आठवड्यातून एकदा जाऊन क्लच आणि ब्रेक पेडल सावकाश पुष्कळ वेळा मारा, इंजिन चालू नाही केलंत तरी चालेल. हँडब्रेक लावून ठेवू नका, ड्रमला चिकटतो, चाकांना दगड लावा. आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटणं हा वेगळाच ताप आहे दमट हवेत, पेडल मारत राहिलात तर तो पण टळतो. ऑइल पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात बदला. पावसाआधी बदललेलं चांगलंच, पण चार महिने वाफ पिऊन झाल्यावरचं ऑइल पुढचं वर्षभर आत ठेवायला नको.

गजालवाडी

शेडात जमीन मातीची असात तर खाली ताडपत्री घाला, जमिनीतसून ओल येता ती सगळी गाडीच्या पोटाक लागता. आणि वर कव्हर घालायचं तर कापडाचं, प्लास्टिकचं नको, आत घाम धरतो.

तवसाळ_जेटी

उशिरा आलो. माझ्याकडे पण हेराल्ड आहे, चार दारी मार्क थ्री, गुहागरला. जयगडच्या फेरीबोटीवर चढवताना क्लच खरखरतो, रिव्हर्समध्ये मागे घेताना तर फारच, आणि डबी पण थोडी उतरलीय. प्लेट गेल्या वर्षी बदललेली आहे! आता स्लेव्हच काढतो. खाडीकाठ, तुमचा कप किती मापाचा होता ते सांगाल का, म्हणजे कोल्हापूरला जातोच आहे तर घेऊन येईन.

खाडीकाठ

माझं माप देतो पण त्यावरून घेऊ नका. इतक्या वर्षांत कोणी स्लेव्ह बदलून दुसऱ्या गाडीचा बसवला असेल तर तुमचा बोअर वेगळा असेल. आधी तुमचा काढा, टोपी उचलून किती ऑइल पडतं ते बघा, बोअर पुसून नख फिरवा, आणि व्हर्नियरने आतल्या न झिजलेल्या भागात मोजा, तोंडाकडे नको. पिस्टन सोबत घेऊन जा, नुसतं माप सांगण्यापेक्षा ते बरं. आणि त्याच दिवशी मागचे ड्रम उघडा.

तवसाळ_जेटी

रविवारी उघडतो. फोटो टाकतो इथेच. तोपर्यंत फेरीबोट बंद, सरळ चिपळूणवरून जाईन, ते पण दुसऱ्या गाडीने.